कोमो सरोवर एका दिवसात: पलीकडचा किनारा आधी, स्टेशनचं गाव शेवटी

मिलानला मुक्काम ठेवून एका दिवसात कोमो सरोवर करून आलेल्यांची तक्रार ठरलेली असते: अर्धा दिवस रांगेत आणि बोटीत गेला, गावं नीट बघताच आली नाहीत. त्यात चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. नकाशावर 'कोमो' हे नाव ठळक दिसतं, म्हणून लोक कोमो शहराची गाडी पकडतात. तिथून बेलाज्जोला साध्या बोटीनं जायला सुमारे दोन तास लागतात. तेवढाच वेळ परतीलाही. शरदात दिवस लहान, बोटी कमी, त्यामुळे उरतं काय?

सरोवराचा आकार आधी डोक्यात बसवा. दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एका पावलाशी कोमो, दुसऱ्या पावलाशी लेक्को. पाय जिथे फुटतात त्या टोकावर बेलाज्जो. त्याच्या पूर्वेला पाण्यापलीकडे वारेन्ना, पश्चिमेला कादेनाब्बिया आणि मेनाज्जो. ही गावं एकमेकांपासून बोटीनं दहा ते वीस मिनिटांवर आहेत. एका दिवसात करायचा तो एवढाच मधला भाग. अख्ख्या सरोवराला वळसा घालायचा विचार सोडून द्या, किनारा दीडशे किलोमीटरहून लांब आहे.

खाली दिलेला क्रम मिलानहून रेल्वेनं वारेन्नाला उतरून लगेच पलीकडे जाण्याचा आहे. वारेन्ना सुंदर आहे म्हणून लोक उतरताच तिथेच रेंगाळतात. तो मोह आवरायचा. का, ते चौथ्या टप्प्यात सांगतो.

## टप्पा 1: दिवस निवडा

पानांचे रंग बघायचे असतील तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. त्याहून पुढे ढकलू नका, कारण बऱ्याच बागा नोव्हेंबरच्या सुरुवातीला हिवाळ्यासाठी बंद होतात. बेलाज्जोची व्हिला मेल्झी आणि कादेनाब्बियाशेजारच्या त्रेमेझ्झोची व्हिला कार्लोत्ता यांच्या चालू वर्षाच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर बघूनच दिवस ठरवा. जुन्या प्रवासवर्णनातली तारीख धरून गेलात तर कुलूप बघून परत याल.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार. रविवारी अख्खं मिलान तिकडे लोटतं.

उजेडाचा हिशेबही इथेच करा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबर लागतो तेव्हा सव्वापाचलाच सूर्य मावळतो. म्हणजे महिन्याभरात संध्याकाळचे जवळजवळ दोन तास हातातून जातात. सप्टेंबरात जाऊन आलेल्या मित्राचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलायचा नाही, तो यासाठीच.

सावधान: शरद हा इथला पावसाळी काळ आहे. भुरभुर असेल तर खुशाल जा, सरोवरावर ढग उतरलेले फार देखणे दिसतात. दिवसभर मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर मात्र तारीख बदला. या सहलीतलं जवळपास सगळंच उघड्यावर आहे.

## टप्पा 2: बोटींचं वेळापत्रक वाचायला शिका

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. बोटी नाव्हिगात्सिओने लागी ही सरकारी सेवा चालवते आणि तिची वेळापत्रकं हंगामानुसार बदलतात. उन्हाळ्याचं वेळापत्रक संपलं की फेऱ्या कमी होतात आणि संध्याकाळच्या बोटी लवकर आटोपतात. बदलाची तारीख दरवर्षी तीच नसते. त्यामुळे कागद उघडल्यावर आधी वरची 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' ही ओळ वाचा. तुमची तारीख त्यात बसत नसेल तर तो कागद तुमच्या कामाचा नाही.

मग हे दोन शब्द लक्षात ठेवा:

फेरियाले म्हणजे कामाचे दिवस. यात शनिवार येतो. आपण शनिवार सुट्टीत मोजतो, इटलीचं वाहतूक वेळापत्रक मोजत नाही.

फेस्तीवो म्हणजे रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या. 1 नोव्हेंबरला तिथे सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते. वार कोणताही असो, त्या दिवशी रविवारचंच वेळापत्रक. 2026 पासून 4 ऑक्टोबरही राष्ट्रीय सुट्टी झाली आहे.

बोटी तीन प्रकारच्या असतात. बात्तेल्लो ही साधी प्रवासी बोट. त्रागेत्तो म्हणजे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट. पायी माणसांनाही ती घेते आणि मधल्या गावांमध्ये फिरायला सगळ्यांत सोयीची तीच. अलिस्काफो किंवा 'रापिदो' ही वेगवान बोट. तिला जास्त पैसे पडतात आणि बसावं लागतं आत, काचेआड. मधल्या भागात दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरासाठी ती घेण्यात काही अर्थ नाही.

आता पुढच्या तीन गोष्टींच्या वेळा कागदावर लिहून घ्या. फोनमध्ये नको, कागदावर. बेलाज्जोहून वारेन्नाला जाणारी शेवटची बोट, तिच्या आधीच्या दोन बोटी, आणि वारेन्नाहून मिलानला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाड्या. शेवटच्या बोटीवर काट मारा. ती फक्त अडीअडचणीसाठी आहे, कार्यक्रम तिच्या आधीच्या दोन बोटींवर आखायचा.

तपासा: संपाला तिथे 'शोपेरो' म्हणतात. आदल्या संध्याकाळी हा शब्द आणि तारीख टाकून शोधा. कामाच्या दिवशी संप असला तरी प्रादेशिक गाड्यांना सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत किमान सेवा द्यावी लागते. जाणं-येणं या दोन खिडक्यांत बसत असेल तर संपाच्या दिवशीही सहल होऊ शकते, पण बोटींचं काय ते वेगळं तपासा.

## टप्पा 3: पिशवी आणि मिलानची सकाळ

सामान कमीत कमी. चाकांची बॅग नकोच. वारेन्ना आणि बेलाज्जोच्या गल्ल्या म्हणजे गोल गोट्यांच्या पायऱ्या आहेत. मुक्काम बदलताना वाटेत ही सहल करणार असाल तर बॅगा मिलानो चेंत्राले स्टेशनवर ठेवायच्या खोलीत टाका.

बूट पकड असलेले घ्या. ओल्या गोट्यांवर पडलेली पानं म्हणजे साबण. वाऱ्याला अडवणारं जॅकेट घ्या, कारण गावात ऊन असताना घाम येतो आणि बोटीच्या डेकवर पाच मिनिटांत कानशिलं गार पडतात.

गाडी मिलानो चेंत्रालेहून. फलकावर 'वारेन्ना' शोधत बसू नका, शेवटचं स्टेशन म्हणून 'तिरानो' किंवा 'सोंद्रिओ' लिहिलेलं असेल. तुमच्या स्टेशनचं पूर्ण नाव वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो. प्रवास तासाभराहून थोडा जास्त. या मार्गावर अधूनमधून कामं निघतात आणि काही टप्प्यावर बस दिली जाते. तसं काही असेल तर ते गाडीच्या वेळेबरोबरच दिसतं, फक्त वेळ बघून पान बंद करू नका.

जाण्या-येण्याचं तिकीट सकाळीच काढा. वारेन्ना हे छोटं स्टेशन आहे. संध्याकाळी गाडी समोर येत असताना तिथल्या यंत्राशी झटापट करायची वेळ आणू नका.

सावधान: कागदी प्रादेशिक तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट काढलंय पण शिक्का नाही, म्हणजे तपासनिसाच्या लेखी दंड. जाताना एका तिकिटावर, येताना दुसऱ्यावर. सकाळीच दोन्हींवर मारून मोकळे होऊ नका. मोबाइलवरच्या तिकिटाला शिक्का नसतो, पण काही तिकिटांना 'चेक-इन' करावं लागतं, तेव्हा तिकिटावरची सूचना वाचा.

डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. लेक्कोनंतर सरोवर त्या बाजूला उघडतं. बोगदे पुष्कळ आहेत, पाणी तुकड्यातुकड्यांत दिसतं. वारेन्ना जवळ आलं की दाराशी उभे राहा. थांबा लहान असतो आणि दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही.

## टप्पा 4: उतरा आणि थेट धक्क्यावर

साडेनऊच्या आत वारेन्नात असायला हवं. स्टेशनपासून बोटीचा धक्का उताराच्या रस्त्यानं दहा मिनिटांवर आहे. गाडीतली सगळी माणसं तिकडेच निघतात, म्हणून चहा-कॉफी नंतर, आधी तिकिटाची खिडकी.

आता ते 'का'. पहिलं कारण ऊन. वारेन्ना पूर्व किनाऱ्यावर आहे आणि त्याच्या पाठीशी ग्रिन्याचा 2,410 मीटरचा डोंगर. शरदात सूर्य खालून जातो, त्यामुळे सकाळी वारेन्ना बराच वेळ सावलीत असतं. त्याच वेळी समोरचा पश्चिम किनारा उन्हात न्हालेला असतो. दुपारनंतर उलट होतं: पश्चिमेच्या डोंगरामागे सूर्य लवकर जातो, त्रेमेझ्झो गारठतं आणि वारेन्नाच्या पिवळ्या-लाल भिंतींवर ऊन चढतं. दुसरं कारण परतीचं. दिवसाचं शेवटचं गाव स्टेशनचंच असेल तर बोट चुकण्याचा प्रश्न उरत नाही.

खिडकीवर कादेनाब्बियाचं तिकीट मागा. थेट बोट तासभर नसेल आणि मेनाज्जोची लगेच असेल तर मेनाज्जोला जा. तिथून कादेनाब्बिया आणि त्रेमेझ्झोकडे सी10 क्रमांकाची बस जाते. बेलाज्जोची बोट समोर उभी दिसली तरी तीत चढू नका. बेलाज्जो दुपारी.

सावधान: तिकिटामुळे ठरावीक बोटीत जागा पक्की होते असं नाही. बोट भरली की पुढची. म्हणून बोटीच्या वेळेआधी वीस मिनिटं रांगेत हवं.

## टप्पा 5: पश्चिम किनारा, एकच बाग

इथे एक कडक नियम पाळा: पश्चिम किनाऱ्यावर एकच व्हिला. तीन व्हिला करायच्या म्हणून धावणारे लोक तिन्हींची फाटकं बघून येतात.

व्हिला कार्लोत्ता कादेनाब्बियाच्या धक्क्यापासून पाण्याकाठच्या सपाट रस्त्यानं दहाएक मिनिटांवर आहे. तिची ख्याती वसंतातल्या अझेलियाच्या फुलांची, पण शरदात वरच्या अंगाची झाडी आणि तिथून समोर दिसणारं बेलाज्जो यासाठी दीड तास सहज जातो. आधी वर बागेत चढा, इमारत नंतर. सगळे आधी इमारतीत घुसतात, त्यामुळे वरच्या वाटा त्या वेळी रिकाम्या मिळतात.

लेन्नोजवळची व्हिला देल बाल्बियानेल्लो जास्त नाट्यमय आहे हे कबूल. पण ती सोमवारी आणि बुधवारी बंद असते, आधी नोंदणी केलेली बरी, आणि लेन्नोहून तिथवर पुन्हा चाल आहे. ती निवडलीत तर बेलाज्जोला फक्त तासभर उरेल. एकाच दिवसाच्या सहलीत मी ती घेत नाही.

बागा नकोच असतील तर किनाऱ्यानं चाला. कोलोन्नो ते ग्रियांते अशी साधारण दहा किलोमीटरची 'ग्रीनवे' नावाची पायवाट आखलेली आहे. तिचा त्रेमेझ्झोच्या बाजूचा शेवटचा तुकडा तेवढा घ्या. पूर्ण करायला निम्मा दिवस लागतो.

तपासा: साडेबाराला तुम्ही कादेनाब्बियाच्या धक्क्यावर आहात का? नसाल तर बागेतून निघा.

## टप्पा 6: बेलाज्जो

कादेनाब्बियाहून बोटीनं दहा मिनिटं. उतरल्या उतरल्या मागे वळून बघा, तुम्ही नेमके कुठल्या धक्क्यावर उतरलात. बेलाज्जोला प्रवासी बोटींचा धक्का वेगळा आणि गाड्यांच्या फेरीबोटीचा वेगळा, मध्ये काही मिनिटांची चाल. पहिल्या खेपेला मी प्रवासी धक्क्यावरच्या रांगेत पंचवीस मिनिटं निवांत उभा होतो. माझी फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला लागली, तिचा पत्रा खाली आला, गाड्या चढल्या, पत्रा वर गेला आणि ती निघाली. हे सगळं मी हातात तिकीट धरून बघत होतो. परतीची बोट ठरली की ती कुठल्या धक्क्यावरून, हे तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या.

आधी जेवण. स्वयंपाकघरं साधारण बारा ते अडीच चालतात, मग संध्याकाळपर्यंत चूल बंद. तीन वाजता पोहोचलात तर सँडविचवर भागवावं लागेल. सरोवरातल्या पर्च माशाचे तुकडे घातलेला भात हा इथला पदार्थ. शाकाहाऱ्यांनी 'पोलेंता उंचा' शोधावा, मक्याच्या घट्ट पिठल्यासारख्या पोलेंतात चीज आणि लसणाचं लोणी. बिलात माणशी काही युरो 'कोपेर्तो' लावलेले दिसतील. तो बसण्याचा आकार आहे, फसवणूक नाही. भांडू नका. पाण्यासमोरच्या टेबलापेक्षा पायऱ्यांच्या गल्लीत दोन वळणं आत गेलात तर पैसेही वाचतात.

जेवणानंतर तीनपैकी दोन गोष्टी करा:

व्हिला मेल्झीची बाग. शरदात याच बागेसाठी बेलाज्जोला यावं. तळ्याकाठी जपानी मेपल लाल झालेले असतात आणि पाण्यालगतचे टॅक्सोडियम विटकरी. टॅक्सोडियम सूचिपर्णी असूनही पानं गाळतो, त्यामुळे त्याच्याखालची जमीन तांबूस चुऱ्यानं झाकलेली असते. आत चालायला तास धरा.

पुंता स्पार्तिव्हेंतो, म्हणजे वारा दुभंगणारं टोक. गावाच्या उत्तरेला पाच-सात मिनिटांवर. सरोवराच्या तिन्ही बाजू एकाच जागेवरून दिसतात. तिथे वारा असतोच, टोपी सांभाळा.

पेस्काल्लो. टेकाड ओलांडून दहा मिनिटांवर लेक्कोच्या बाजूला कोळ्यांची छोटी वस्ती. दुकानं जवळजवळ नाहीत, बांधलेल्या होड्या आणि पायऱ्या. गर्दीला कंटाळलेल्यांनी मेल्झी सोडली तरी चालेल, पेस्काल्लो सोडू नये.

सालिता सेर्बेल्लोनी ही फोटोत दिसणारी पायऱ्यांची गल्ली येता-जाता आपोआप होते. तिच्यासाठी वेगळा वेळ काढू नका.

तपासा: साडेतीनला धक्क्यावर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला असाल तर साडेचारही चालेल. घड्याळं मागे गेल्यानंतर मात्र साडेतीन म्हणजे साडेतीन.

## टप्पा 7: वारेन्ना, उतरत्या उन्हात

बेलाज्जोहून पंधरा मिनिटांत वारेन्ना. धक्क्यापासून गावात जाताना रस्त्यानं जाऊ नका, पाण्यावर टांगलेली लाल कठड्याची पायवाट घ्या. तिला 'पासेज्जाता देल्ली इन्नामोराती', प्रेमिकांची वाट म्हणतात. ती जिथे संपते तिथे छोट्या खाडीभोवती जुनी घरं आहेत. सकाळी सावलीत गेलेल्या माणसाला ही घरं करडी दिसतात.

तिथून चढून सान जोर्जो चर्चच्या चौकात, मग वेळ असेल तर व्हिला मोनास्तेरोची बाग. ती किनाऱ्यानं लांबलचक पसरली आहे, निदान पाऊण तास हवा. आत जाण्याआधी बंद होण्याची वेळ विचारा. शेवटचा प्रवेश त्याहून आधी असतो.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. वेझिओचा किल्ला डोंगरावर आहे, चढण वीस-तीस मिनिटांची आणि दगडांची. पाऊस पडून गेला असेल किंवा उजेडाचा तास उरला असेल तर नाद सोडा, उतरताना पाय घसरतो. दुसरं फ्युमेलात्ते, दुधासारखं पांढरं फेसाळणारं सुमारे 250 मीटरचं पात्र. ते बारमाही नाही. वसंतात वाहू लागतं आणि शरदात आटतं. ऑक्टोबरच्या शेवटी तिथवर चालत जाणाऱ्याला बहुधा कोरडे दगड बघायला मिळतात.

चौकात किंवा धक्क्याजवळ बसून कॉफी प्यायला वेळ ठेवा. सकाळी नाकारलेली ती हीच.

## टप्पा 8: परतीची गाडी

गावातून स्टेशन चढावर आहे. सकाळी दहा मिनिटं लागली असतील तर आता पंधरा धरा. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन वाचा. 'मिलानो चेंत्राले' असेल तर बिनधास्त चढा. 'लेक्को' असेल तर लेक्कोला गाडी बदलावी लागेल, आणि तिथून मिलानच्या बऱ्याच लोकल पोर्ता गारिबाल्दी स्टेशनला जातात, चेंत्रालेला नाही. रात्री हॉटेल चेंत्रालेजवळ असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. चढण्याआधी कागदी तिकिटावर शिक्का.

हा क्रम मोडलात आणि पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी बोट हुकली, तरी घाबरून खासगी बोटवाल्याशी सौदा करू नका. सी10 बस किनाऱ्यानं कोमो शहरात नेते. बेलाज्जोला अडकलात तर सी30, पण संध्याकाळी तिच्या फेऱ्या मोजक्याच. दोन्हींना कोमोपर्यंत तासाहून जास्त लागतो. तिथे दोन स्टेशनं आहेत: कोमो सान जोव्हान्नीहून गाड्या मिलानो चेंत्राले किंवा पोर्ता गारिबाल्दीला, आणि सरोवराकाठच्या कोमो नोर्द लागोहून मिलानो कादोर्नाला. वारेन्नाहून काढलेलं परतीचं तिकीट इथे चालणार नाही, नवीन काढा.